थायरॉइडची गोळी आणि कॅन्सरची भीती

‘मला थायरॉइड आहे,’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. वास्तविक थायरॉइड प्रत्येकालाच असतो. ज्याला नसतो त्याचंच अवघड. पण ‘शुगर’ आणि ‘बीपी’ यांच्यासारखंच याही शब्दाचं झालं आहे. जे शरीरात असायलाच हवं, त्याचं नाव आपण आजाराला देऊन टाकलं. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, परंतु परिभाषा कोशाच्या बाहेर हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. १६५६ मध्ये टॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्यानं ग्रीक भाषेतल्या ‘ढाल’ या शब्दावरून तिचं बारसं केलं. शरीराची भट्टी किती जोरात पेटवायची, हे ही ग्रंथी ठरवते. ती मंदावली की माणूस मंदावतो. थंडी सोसवत नाही, अंग जड होतं, आवाज घोगरा होतो, केस गळतात. यालाच डॉक्टर हायपोथायरॉइडिझम म्हणतात.

माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, हा आजार होऊन बरीच वर्षं झाली. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक पांढरी गोळी, इतकाच काय तो उपचार. मध्यंतरी आमच्या नात्यातल्या एका बाईंना थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, बाई सुखरूप घरी आल्या. आपा त्यांना भेटायला गेली तर उशाशी तीच बाटली, तीच गोळी. घरी येऊन ती मला म्हणाली, “उसकू बी येच गोली, मेरेकू बी येच गोली. मतलब मेरेकू बी वहीच होनेवाला है क्या रे?” त्या दिवसापासून तिनं गोळी बंद केली आणि महिन्याभरात तिचे पाय सुजले.

तिचा प्रश्न साधा वाटला तरी वैद्यकशास्त्र शंभर वर्षं याच प्रश्नाभोवती फिरत आलं आहे. थायरॉइड मंदावल्यामुळे कॅन्सर होतो का? एकाच गळ्यात दोन गोष्टी सापडल्या, तर पहिलीनंच दुसरी आणली असं म्हणता येतं का? मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेला कविता लिहिणारा माणूस आहे. पण या प्रश्नाचा इतिहास वाचताना मला पुष्कळ धीर आला, म्हणून तो सांगावासा वाटतो.

गळ्याची सूज माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतानं गलगंडाचे प्रकार सांगितले. हजार वर्षांपूर्वी कोर्दोबाजवळ राहणाऱ्या अल-जहरावी या शल्यवैद्यानं गळ्याच्या अशाच सुजेला ‘घशातला हत्ती’ म्हटलं आणि तिच्या काही प्रकारांना सुरी लावू नका, असं बजावलं. हा इशारा पुढच्या लोकांनी मानला असता तर एका मुलीचं आयुष्य वाचलं असतं.

ती मुलगी स्वित्झर्लंडमधली. समुद्रापासून दूर आणि डोंगराळ असलेल्या या देशाच्या मातीतलं आयोडीन पावसानं आणि हिमनद्यांनी धुऊन नेलेलं. त्यामुळे खोरीच्या खोरी गलगंडानं भरलेली. बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचा निष्णात सर्जन होता. ८ जानेवारी १८७४ रोजी त्यानं मारिया बिक्सेल या अकरा वर्षांच्या मुलीची वाढलेली ग्रंथी पूर्ण काढून टाकली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण काही काळानं तिच्या गावच्या डॉक्टरचा निरोप आला, की मुलगी पार बदलली आहे, सुस्त आणि मंद झाली आहे. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या रेव्हेर्दां या सर्जननंही आपल्या रुग्णांत असंच काही दिसल्याचं कोखरला सांगितलं. तेव्हा कोखरनं आपले जुने रुग्ण परत बोलावले. ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती असे अठरा जण तपासले, त्यातले सोळा जण बिघडलेले. मारियाची धाकटी बहीण उंच, तरतरीत तरुणी झाली होती आणि मारिया तिच्या शेजारी खुजी, सुजट चेहऱ्याची, भान हरपलेली उभी होती. दोघींचं छायाचित्र आजही वैद्यकाच्या पुस्तकांत छापतात.

कोखरनं १८८३ मध्ये हे सारं बर्लिनच्या सर्जन मंडळींपुढे मांडलं. साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी पुन्हा काढणार नाही, असं त्यानं ठरवलं. १९०९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. मला त्या पारितोषिकापेक्षा जुने रुग्ण परत बोलावण्याचं मोल अधिक वाटतं. आपण केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली असं जग म्हणत असताना रुग्णाचं पुढे काय झालं हे पाहायला किती लोक थांबतात? गंमत अशी, की हा प्रकार ग्रंथी गेल्यामुळे होतो, हे कोखरला लगेच पटलं नव्हतं. श्वासनलिका दबून प्राणवायू कमी पडत असावा, असं त्याला वाटे. त्याच सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि विल्यम ऑर्ड यांनी प्रौढ बायकांमधला असाच सुस्तीचा आजार नोंदवला होता. फेलिक्स सेमॉन नावाच्या डॉक्टरनं हे सगळे एकच आजार आहेत, असं १८८३ मध्ये सांगितलं, तेव्हा त्याच्या बोलण्याला फारशी किंमत कुणी दिली नाही. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीनं १८८८ मध्ये त्याचं म्हणणं खरं असल्याचा निर्वाळा दिला.

म्हणजे थायरॉइड मंदावण्याचं पहिलं पक्कं ज्ञान मिळालं ते ग्रंथी कापून काढल्यावर. ही गोष्ट ध्यानात ठेवा, आपाच्या प्रश्नाला ती पुढे उपयोगी पडणार आहे.

उपाय सापडायला फार वेळ लागला नाही. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंना टोचायला सुरुवात केली. बाईंची सूज उतरली, बोलणं सुधारलं. पुढे तो अर्क तोंडावाटे देता येऊ लागला. त्या बाई आणखी अठ्ठावीस वर्षं जगल्या आणि १९१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी हृदयविकारानं गेल्या. मरेनं हिशोब ठेवला होता. तेवढ्या काळात त्यांना ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. एका बाईसाठी एवढा मोठा कळप! आज तेच काम मायक्रोग्रॅममध्ये मोजलेली गोळी करते. अमेरिकेतल्या केंडॉल यानं १९१४ च्या नाताळात ग्रंथीतलं मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळं केलं आणि १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. तेव्हापासून मेंढ्यांचा वनवास संपायला सुरुवात झाली.

कॅन्सरची शंका याच काळात शिरली आणि तीही बर्नमध्येच. कार्ल वेगेलिन हे तिथले विकृतिशास्त्रज्ञ. शवविच्छेदनांचे आकडे पाहताना त्यांना दिसलं, की ज्या प्रदेशात गलगंड फार, तिथं थायरॉइडचा कॅन्सरही जास्त आढळतो. त्यांचा यावरचा लेख १९२८ चा. निरीक्षण नेटकं होतं. शिवाय या प्रदेशांत फॉलिक्युलर आणि ॲनाप्लास्टिक हे कॅन्सरचे अधिक वाईट प्रकार जास्त दिसत. स्वित्झर्लंडनं १९२२ पासून मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली होती. पुढच्या दशकांत जिथं जिथं आयोडीन पोहोचलं, तिथं या प्रकारांचं प्रमाण घटलं आणि पॅपिलरी नावाच्या सौम्य प्रकाराचा वाटा वाढला.

शंकेला दुजोरा मिळाला तो उंदरांकडून. १९४० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथं संशोधकांनी उंदरांना मोहरीच्या जातकुळीतलं एक बी खायला घातलं. त्या बियांमुळे थायरॉइडचं काम अडतं. दीर्घकाळ असं झालं की उंदरांच्या ग्रंथी फुगत आणि त्यांत गाठी तयार होत. कारण लक्षात येण्यासारखं होतं. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी थायरॉइडवर मुकादमाचं काम करते. मजूर ढिला पडला की मुकादम ओरडतो. रक्त तपासणीत आपण जे ‘टीएसएच’ मोजतो, तो म्हणजे या मुकादमाचा आवाज. थायरॉइड मंद तर आवाज चढलेला. अहोरात्र हा आरडाओरडा ऐकून ग्रंथीतल्या पेशी वाढत जातात आणि वाढता वाढता एखादी बहकते, असा तर्क निघाला. तर्क म्हणून तो आजही टाकाऊ नाही.

आता आपाची गोळी. लंडनच्या टॉमस डनहिल या सर्जननं १९३७ मध्ये थायरॉइडच्या कॅन्सरसाठी थायरॉइडचाच अर्क वापरण्याविषयी लिहिलं. त्यामागचं तत्त्व पुढे स्पष्ट होत गेलं. बाहेरून संप्रेरक दिलं की मुकादम गप्प बसतो आणि उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींना वाढीचा हुकूम मिळत नाही. दुसरं कारण त्याहून सरळ. कॅन्सरसाठी ग्रंथी पूर्ण काढली की माणूस मारिया बिक्सेलच्या वाटेला लागतो. त्याला तिथून परत आणायला गोळी द्यावीच लागते. आमच्या नात्यातल्या बाईंना कॅन्सर झाला म्हणून गोळी सुरू झाली होती. गोळीनं कॅन्सर आणला नव्हता. क्रम उलटा होता. आपाला मी हे मारियाच्या गोष्टीसकट सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वो छोरी को किसीने गोली नै दी?” तेव्हा गोळी निघालीच नव्हती, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

परंतु शंका इतक्यावर मिटत नाही. आपल्याकडे आज थायरॉइड मंदावतो तो बहुतेकदा आयोडीनच्या अभावानं नव्हे, तर शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं ग्रंथीवर हल्ला केल्यामुळे. हा आजार १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जननं चार बायकांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवला. लेख जर्मन भाषेत छापला गेला. हाशिमोतो पुढे गावी परतून डॉक्टरकी करत राहिले आणि १९३४ मध्ये टायफॉइडनं वारले. आपलं नाव जगभरच्या रिपोर्टांवर छापलं जाणार आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

१९५५ मध्ये अमेरिकी सर्जनांनी लिहिलं, की हाशिमोतोच्या आजारात कॅन्सर बराच सापडतो. त्यानंतर असे कितीतरी लेख आले आणि त्यांना विरोध करणारेही आले. घोळ कुठं होता? बहुतेक मोजणी ऑपरेशन करून काढलेल्या ग्रंथींची होती. ऑपरेशन कुणाचं होतं? ज्याच्या गळ्यात संशयास्पद गाठ आहे त्याचं. गोळी घेऊन घरी सुखानं राहणाऱ्या हजारो बायकांची ग्रंथी कुणी कापून पाहत नाही. कोर्टाच्या आवारात उभं राहून भांडणं मोजली तर सगळं गाव भांडखोर वाटणारच. सुईनं नमुना घेऊन जिथं मोजणी झाली, तिथं हा संबंध बराच फिका पडलेला दिसतो. एक गोष्ट मात्र खरी मानली जाते. हाशिमोतोच्या रुग्णांत थायरॉइडमधल्या लिम्फोमा या कॅन्सरची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पण तो मुळातच इतका दुर्मीळ आहे, की जास्त झाली तरी ती शक्यता अगदी थोडी राहते.

आपल्या देशातली गोष्ट याच काळातली. १९५६ पासून हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा आणि मोठा प्रयोग केला. लाखाहून जास्त वस्तीच्या या भागाचे तीन विभाग पाडले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ, तिसऱ्यात साधं. काही वर्षांत दोन विभागांतला गलगंड झपाट्यानं उतरला, तिसऱ्यातला होता तिथंच राहिला. मग तिथंही तेच मीठ दिलं आणि तिथलाही उतरला. त्यांच्या १९७३ च्या अहवालावर करमरकर आणि देव ही मराठी नावं आहेत, हे वाचून बरं वाटतं. सरकारी गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. पुढे बिगर-आयोडीन खाद्य मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. मधल्या वर्षांत दांडीच्या मिठापर्यंत वाद गेला होता. मीठ कुणी विकायचं हा प्रश्न खोटा नव्हता. पण गळा आणि बाळाचा मेंदू यांना मिठाच्या राजकारणाशी देणंघेणं नसतं.

आयोडीनची कमतरता आणि कॅन्सर यांचं सगळ्यात भेसूर नातं दिसलं ते चेर्नोबिलमध्ये. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटात किरणोत्सारी आयोडीन हवेत आणि गवतात गेलं, गाईंच्या दुधातून मुलांच्या पोटात गेलं. ज्या मुलांच्या ग्रंथी आयोडीनला भुकेल्या होत्या, त्यांनी ते अधाशासारखं ओढून घेतलं. बेलारूसच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मुलांतल्या थायरॉइड कॅन्सरची वाढ जगासमोर मांडली. २००५ मधल्या मोठ्या अभ्यासात आढळलं, की तितकाच किरणोत्सर्ग झाला असताना आयोडीन कमी असलेल्या भागातल्या मुलांना धोका सुमारे तिप्पट होता. पोलंडनं स्फोटानंतर लगेच एक कोटीहून जास्त मुलांना साधं आयोडीन पाजलं होतं. तरीही इथं कॅन्सरचं मूळ किरणोत्सर्ग हे होतं. भुकेल्या ग्रंथीनं त्याला दार उघडून दिलं.

२००६ मध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी पंधराशे गाठीवाल्या रुग्णांचा अभ्यास छापला, तेव्हा जुनी शंका पुन्हा डोकं वर काढती झाली. टीएसएच जितका वरचा, तितकी गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता जास्त, अगदी टीएसएच ‘नॉर्मल’ म्हटलेल्या मर्यादेत असला तरी. पण नीट वाचा. हे सगळे आधीच गाठ घेऊन आलेले लोक होते. त्यावरून गाठ नसलेल्या, गोळी घेणाऱ्या माणसाला कॅन्सर होईल असं निघत नाही.

नंतर आनुवंशिकतेचा पुरावा आला आणि त्यानं चित्र चक्रावून टाकलं. २००९ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी थायरॉइड कॅन्सरची शक्यता वाढवणारे जनुकांतले दोन बदल शोधले. ते ज्यांच्यात होते त्यांचा टीएसएच कमी होता. २०२० मध्ये सुमारे एक लाख वीस हजार लोकांच्या अभ्यासातही तेच दिसलं. जन्मजात टीएसएच वरच्या बाजूला असण्याचा कल ज्यांच्यात, त्यांच्यात थायरॉइडचा कॅन्सर कमी. मुकादमाच्या ओरडण्यानंच पेशी बहकतात, हा सरळसोट तर्क इथं अडखळतो. वाढलेली गाठ आणि वाढता टीएसएच यांचं नातं एक, आणि कॅन्सर मुळात होण्याचं नातं वेगळं, असं असू शकतं. थायरॉइड मंदावल्यामुळेच कॅन्सर होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

मग हल्ली जिकडेतिकडे थायरॉइडचा कॅन्सर ऐकू का येतो? याचं उत्तर दक्षिण कोरियात आहे. तिथं १९९९ पासून इतर कॅन्सरसाठी सरकारी तपासणी मोहीम सुरू झाली, आणि थोडे जास्त पैसे भरले की गळ्याची सोनोग्राफीही होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त नवे रुग्ण निघाले. पण या कॅन्सरनं मरणाऱ्यांचा आकडा जिथल्या तिथं राहिला. फिनलंडमध्ये १९८५ मध्येच दिसलं होतं, की इतर कारणांनी वारलेल्या १०१ माणसांच्या ग्रंथींचे बारीक काप केले तर सुमारे एक तृतीयांशांत पॅपिलरी कॅन्सरचे कण सापडतात. ती माणसं ते कण गळ्यात घेऊन आयुष्य जगून गेली, त्यांना पत्ताही नव्हता. कोरियातल्या काही डॉक्टरांनी २०१४ मध्ये जाहीरपणे ‘हे थांबवा’ म्हटलं आणि वर्षभरात ऑपरेशनं सुमारे एक तृतीयांशानं घटली. तोवर हजारो लोक जन्मभराच्या गोळीवर गेले होते. कॅन्सरच्या शोधानं थायरॉइड मंदावलेली एक पिढीच तयार केली. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी एका निरुपद्रवी प्रकाराच्या नावातून कॅन्सर हा शब्दच काढून टाकला. शब्दाला किती वजन असतं, हे कवींना ठाऊक असतं; डॉक्टरांनी ते कागदावर मान्य केलं, याचं मला अप्रूप वाटतं.

एवढं असूनही गळ्याची गाठ दुर्लक्षू नये, हे सांगायला हवं. गाठ भरभर वाढत असेल, दगडासारखी टणक लागत असेल, आवाज बसून तो उठत नसेल, गिळताना अडकत असेल, लहानपणी मानेला किरणोपचार झाले असतील किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांनी हात लावून तपासायला हवं. गरज वाटली तर ते सोनोग्राफी आणि सुईची तपासणी सांगतात. ज्यांना यातलं काही नाही, फक्त टीएसएच वाढलेला आहे, त्यांनी गोळी वेळेवर, उपाशीपोटी, चहाच्या आधी घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावं. आपा आता गोळीची बाटली फ्रीजवर ठेवते, पहाटेच्या नमाजनंतर पहिली नजर तिथं जाते म्हणून.